आडात आहे, पोहऱ्यात नाही

उंदीर घाबरला की थिजतो. पळत नाही, चिरकत नाही. चारही पाय जमिनीला खिळलेले, मिशा स्थिर, श्वासापुरती काय ती हालचाल. डोक्यावर घार फिरत असताना जगायचं तर न हलणं हाच शहाणपणा, हे उत्क्रांतीनं त्याच्या अंगात भिनवलेलं आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत स्मृतीबद्दल जे काही थक्क करणारं माझ्या वाचनात आलं, त्यातलं बरंचसं या थिजण्यावर उभं आहे. उंदीर एका पेटीत ठेवायचा, त्यातला किती वेळ तो थिजून होता ते मोजायचं, टक्केवारी काढायची. आलेखात एक पट्टी उंच, एक बुटकी. आणि त्या दोन पट्ट्यांमधल्या फरकावरून ठरवायचं, याला आठवतंय का नाही.

मी या क्षेत्रातला नाही. पण असे शोधनिबंध हाती लागले की सोडवत नाहीत. सारांश वाचून पुढे जायचं ठरवतो आणि तासाभरानं पाहावं तर उंदरांना कोणत्या दिवशी कोणता खुराक दिला हे वाचत बसलेलो असतो. आता सांगणार आहे त्या प्रयोगांत मात्र खुराकाचा तपशील वगळून चालणारच नाही. सगळी मेख त्यातच आहे.

सुसुमु टोनेगावा यांना 1987 साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही एकट्याला. विषय होता प्रतिपिंडांचा: शरीर मोजक्याच जनुकांतून इतकी तऱ्हेतऱ्हेची प्रतिपिंडं कशी घडवतं. असं पारितोषिक मिळाल्यावर माणूस त्याच विषयाचा महंत होऊन राहतो. नाही झाला तरच नवल. टोनेगावांनी मात्र नव्वदच्या दशकात मोर्चा मेंदूकडे वळवला आणि अमेरिकेतल्या एमआयटीत जनुकं बदललेल्या उंदरांवर स्मृतीचे प्रयोग सुरू केले. 2012 साली त्यांच्या प्रयोगशाळेतून 'नेचर'मध्ये एक निबंध आला. शू लिऊ आणि स्टीव्ह रामिरेझ हे त्यामागचे दोन तरुण. दावा असा, की एका विशिष्ट आठवणीच्या पेशी आम्ही ओळखल्या, त्यांच्यावर प्रकाश टाकला आणि उंदराला ती आठवण आली.

हे त्यांनी केलं कसं, ते मला मूळ दाव्याहून जास्त आवडतं.

क्लॅमिडोमोनास नावाचं एक हिरवं, एकपेशीय शेवाळ असतं. त्याला उजेडाकडे पोहायचं असतं आणि त्यासाठी त्याच्या पेशीच्या आवरणात एक प्रथिन असतं. निळा प्रकाश पडला की हे प्रथिन दार उघडतं आणि विद्युतभार असलेले कण आत शिरतात. चेतापेशी पेटते ती अशाच कणांच्या आत शिरण्यानं. मग शेवाळातलं हे दार चेतापेशीला बसवलं तर? 2005 साली एड बॉयडेन, कार्ल डायसेरॉथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बशीतल्या पेशींवर करून दाखवलं: निळा उजेड टाकला की पेशी पेटते, काढला की शांत. डबक्यातल्या जीवाचं एक प्रथिन मेंदूविज्ञानाचं सगळ्यात नेमकं हत्यार ठरलं. शेवाळावर काम करणाऱ्यांना 'याचा उपयोग काय?' असं कुणी ना कुणी विचारलं असणारच, आणि त्या विचारणाऱ्याचं नाव कळायला हवं होतं, असं मला राहून राहून वाटतं.

पण मेंदूतल्या सगळ्याच पेशींना हे दार बसवलं तर प्रकाश टाकल्यावर नुसता गोंधळ उडेल. दार बसायला हवं ते फक्त एका अनुभवाच्या वेळी कामाला लागलेल्या पेशींना. इथे खुराक येतो. चेतापेशी जोरात काम करू लागली की तिच्यात सी-फॉस नावाचं जनुक थोड्या वेळापुरतं जागं होतं. शेवाळाच्या प्रथिनाचं जनुक विषाणूच्या पाठीवर घालून उंदराच्या मेंदूत सोडलं होतं, आणि त्याची कळ या सी-फॉसला जोडली होती. शिवाय वर एक कुलूप: उंदराच्या अन्नात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक असेतोवर कळ चालणार नाही. अन्नातून ते काढलं की काही काळापुरतं कुलूप निघतं. त्या अवधीत उंदीर जे अनुभवेल, त्या वेळी ज्या पेशी कामात असतील, त्यांना आणि त्यांनाच दार बसतं. पुन्हा डॉक्सिसायक्लिन सुरू केलं की यादी बंद.

तर प्रयोग असा झाला. आधी उंदीर एका साध्या पेटीत खेळवला. तिथे काहीच वाईट घडलं नाही. मग खुराक बदलला आणि त्याला दुसऱ्या पेटीत नेऊन पायांना विजेचे सौम्य झटके दिले. मेंदूच्या आत खोलवर असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागात डेंटेट गायरस नावाचा एक पट्टा असतो; त्यातल्या थोड्याशाच पेशी त्या वेळी कामात होत्या, त्यांना दार बसलं. खुराक पुन्हा पूर्ववत. नंतर उंदीर पहिल्या, निर्धोक पेटीत. तो निवांत हिंडत होता. डोक्यात बसवलेल्या बारीक तंतूतून निळा उजेड सोडला आणि उंदीर थिजला. उजेड बंद, उंदीर पुन्हा हिंडू लागला. ज्या उंदरांच्या पेशी झटक्यांविनाच्या साध्या अनुभवाच्या वेळी टिपल्या होत्या, त्यांच्यावर उजेडाचा असा परिणाम झाला नाही. म्हणजे नुसता उजेड माणसाळलेल्या उंदराला घाबरवत नव्हता; त्या ठरावीक पेशी जाग्या केल्या की ती ठरावीक भीती जागी होत होती.

(उंदरांबद्दल वाईट वाटतं का? वाटतं. या विषयावर लिहिताना ते न वाटल्यासारखं दाखवणं मला जमत नाही. पुढे लिहितो.)

आठवण मेंदूत काहीतरी ठसा उमटवत असणार, ही कल्पना अर्थातच जुनी. त्या ठशाला 'एन्ग्राम' हे नाव दिलं रिचर्ड सेमॉन या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानं, 1904 साली. सेमॉन विद्यापीठांच्या वर्तुळाबाहेर पडून स्वतंत्रपणे लिहीत होता, त्याच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही, आणि 1918 साली त्यानं म्युनिकमध्ये आत्महत्या केली. त्याच्या लिखाणातली एक गोष्ट मात्र आज वाचताना चमकवून जाते. ठसा उमटणं आणि ठसा जागा होणं या दोन क्रिया त्यानं वेगळ्या मानल्या होत्या, दोन्हींना वेगळी नावं दिली होती. जागं व्हायला काहीतरी निमित्त लागतं, मूळ अनुभवातला एखादा तुकडा पुरतो, असं त्याचं म्हणणं. पुढच्या अनेक पिढ्या ठशाच्याच मागे लागल्या, जागं होण्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. कार्ल लॅश्ली तर तीसेक वर्षं उंदरांना चक्रव्यूह शिकवत राहिला आणि त्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या थराचे निरनिराळे भाग कापून बघत राहिला. कुठलाही एक भाग कापून आठवण जाईना. जितका जास्त भाग कापावा तितकी ती फिकी होत जाई, इतकंच. 1950 साली त्यानं आपल्या शोधाचा ताळेबंद मांडला. त्यात त्यानं वैतागून असंही म्हणून टाकलं, की हा सगळा पुरावा बघता शिकणं ही गोष्ट मुळात अशक्यच असली पाहिजे!

लॅश्ली हिप्पोकॅम्पसच्या वाटेला गेला नाही. तो भाग किती महत्त्वाचा, हे 1953 साली एका शस्त्रक्रियेनं दाखवलं. हेन्री मोलाइसन या सत्तावीस वर्षांच्या अमेरिकन तरुणाची अपस्मारातून सुटका व्हावी म्हणून सर्जननं त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा तो भाग काढला, आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची क्षमता कायमची गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याचा पुढे जो अभ्यास केला, त्याबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी इथे थांबत नाही.

टोनेगावांच्या प्रयोगशाळेनं 2013 साली खोटी आठवणही पेरून दाखवली. निर्धोक पेटीच्या पेशी टिपल्या, दुसऱ्या पेटीत झटके देताना नेमक्या त्या पेशी उजेडानं जाग्या ठेवल्या, आणि नंतर उंदीर निर्धोक पेटीला भिऊ लागला, जिथे त्याला कधीच काही झालं नव्हतं. वर्तमानपत्रांनी हा प्रयोग उचलून धरला, कारण त्यात भयकथेचा मसाला आहे. मला स्वतःला तो तितका हलवत नाही. खोट्या आठवणी तयार करायला आपल्याला उजेडाची नळी कधीच लागली नव्हती. एकाच लग्नातल्या एकाच भांडणाची हकिगत चार नातेवाइकांकडून ऐकावी.

मला झोप न येऊ देणारा प्रयोग 2015चा. टोमास रायन हा त्याचा पहिला लेखक, प्रयोगशाळा तीच.

आधी थोडी पार्श्वभूमी. नवी आठवण सुरुवातीला नाजूक असते आणि काही तासांत पक्की होते, हे जुनं निरीक्षण. पक्की होण्यासाठी पेशींना नवी प्रथिनं बनवावी लागतात, हे 1960च्या दशकापासून पुन्हा पुन्हा दिसलेलं. प्राण्याला काही शिकवलं आणि लगेच प्रथिननिर्मिती थांबवणारं औषध दिलं, तर दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. दुसरीकडे टिम ब्लिस आणि तेर्ये लोमो यांनी 1973 साली सशांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये दाखवलं होतं, की चेतामार्गाला विजेची झपाट्यानं चेतना दिली तर पेशींमधले जोड, म्हणजे सिनॅप्स, बळकट होतात आणि बळकटच राहतात. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीच्या जेमतेम वीस हजार पेशींच्या मज्जासंस्थेत या बळकटीमागची रसायनं उलगडली. 2000 सालच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. हे सगळे धागे जुळून पाठ्यपुस्तकातलं चित्र तयार झालं: आठवण म्हणजे बळकट झालेले सिनॅप्स. बळकटीला प्रथिनं लागतात. प्रथिनं अडवली तर बळकटी नाही, म्हणून आठवण नाही. चित्र सुबक होतं, तीन पिढ्या त्यावर शिकल्या.

रायन आणि मंडळींनी उंदरांना पेटीत झटके दिले, त्या वेळच्या पेशी टिपल्या, आणि लगेच प्रथिनं अडवणारं ॲनिसोमायसिन टोचलं. दुसऱ्या दिवशी उंदीर त्याच पेटीत ठेवला. तो मजेत हिंडला. आठवण गेली, इथवर अगदी पुस्तकातल्यासारखं. टिपलेल्या पेशी तपासल्या, तर सिनॅप्सही बळकट झालेले नव्हते. हेही पुस्तकातल्यासारखंच.

मग त्या पेशींवर निळा उजेड टाकला, आणि उंदीर थिजला. औषध न दिलेले उंदीर उजेडानं जितके थिजत, जवळपास तितकाच.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. परीक्षेत नापास होणाऱ्या पोरापासून बोलताना अडखळणाऱ्या पुढाऱ्यापर्यंत सगळ्यांना ही म्हण लागू करतो. पोहरा रिकामा वर आला म्हणजे आड कोरडा, हे त्यातलं गृहीतक. या प्रयोगात पोहरा रिकामा होता आणि आडात पाणी होतं. उंदीर विसरला होता, हे त्याचं वागणं सांगत होतं. तो विसरला नव्हता, हे त्याच्या पेशी सांगत होत्या. दोन्ही खरं.

मग आठवण होती कशात? रायन यांचं उत्तर असं, की टिपलेल्या पेशींचं आपापसातलं जाळं, कुठली पेशी पुढच्या भागातल्या कुठल्या पेशीला जोडलेली आहे हा नकाशा, औषधानंतरही शाबूत होता. साठा या नकाशात असावा. सिनॅप्सची बळकटी लागते ती बाहेरच्या निमित्तानं, पेटीच्या वासानं किंवा जाळीच्या स्पर्शानं, त्या नकाशापर्यंत पोचण्यासाठी. सगळ्यांना हे पटलेलं नाही. बळकटी पूर्ण पुसलीच गेली नसेल, मोजमापाच्या चाळणीतून थोडीफार निसटली असेल, अशी शंका घेता येते, आणि ती फालतू शंका नाही. जोड तेवढेच बळकट, फक्त जोडलेल्या पेशी ठरावीक, हे माहिती साठवायला पुरतं का, हाही प्रश्न उरतोच. पण एक गोष्ट या वादातून सुटून वर आली आहे आणि ती आता परत खाली जाणार नाही. 'आठवत नाही' या एका निकालामागे निदान दोन वेगळे आजार असू शकतात. वस्तूच गेली, हा एक. वस्तूकडे जाणारी वाट गेली, हा दुसरा. बाहेरून दोन्ही एकसारखेच दिसतात. सेमॉननं जी दोन नावं ठेवली होती, ती वेगळी का ठेवायला हवीत याचा पुरावा यायला शंभराहून जास्त वर्षं लागली.

आपल्याला हे अनुभवानं ठाऊक होतं, असं कुणी म्हणेल. परीक्षेच्या खोलीत तीन तास न आठवलेलं सूत्र बाहेर पडून जिना उतरताना आपसूक आठवतं. पाठ केलेली कविता मधेच अडते, कुणीतरी पुढच्या ओळीचा पहिला शब्द सुचवतं आणि उरलेली सगळी धबाधबा बाहेर येते. बरोबर. पण ती उदाहरणं आहेत अखेर आठवलेल्या गोष्टींची. ज्या कधीच परत आल्या नाहीत त्यांच्याबद्दल आपला समज असा, की त्या गेल्या. 2015च्या उंदराला उजेडाविना ती आठवण पुन्हा कधी आली असती असं मानायला काहीच आधार नाही. जगाच्या हिशेबी ती गेलेलीच होती. आणि तरी होती.

यापुढची पायरी धीरज रॉय यांनी 2016 साली घेतली, टोनेगावांच्याच प्रयोगशाळेत. अल्झायमरशी संबंधित मानवी जनुकं घातलेले उंदीर त्यांनी घेतले, आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातले. हे उंदीर आज शिकतात, उद्या विसरतात. त्यांच्या टिपलेल्या पेशींवर उजेड टाकला तर उद्याही थिजतात. इथवर 2015ची पुनरावृत्ती. पण रॉय यांनी पुढे जाऊन त्या पेशींकडे येणारा चेतामार्ग उजेडाच्याच ठरावीक झपाट्यांनी बळकट केला, आणि नंतर ते उंदीर उजेडाविना, नुसत्या पेटीच्या दर्शनानं थिजू लागले. पेशींवरचे सूक्ष्म काटे, ज्यांवर सिनॅप्स बसतात, तेही भरून आले. वाट दुरुस्त झाली होती.

हा निबंध वाचला तेव्हा आमच्या घरात एका वडीलधाऱ्या बाईंचं विसरणं चालू होतं, त्यामुळे मी तो थंड डोक्यानं वाचू शकलो नाही. त्या काळात बघायला येणारा प्रत्येक पाहुणा खाटेपाशी बसून एकच प्रश्न विचारी: 'ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण?' तोंडी परीक्षाच. त्यांनी उत्तर दिलं नाही की पाहुणा माझ्याकडे वळून मान हलवी, म्हणजे आड आटला. मला तेव्हा चीड येई ती त्या प्रश्नातल्या उद्धटपणाची. आता वाटतं, उद्धटपणा सोडा, प्रयोग म्हणूनही तो कच्चा होता. नाव सांगा म्हणणं ही आठवणीकडे जाणारी सगळ्यात निसरडी वाट; निरोगी माणसंही तिच्यावर घसरतात. एकच वाट, तीही वाईट, आणि तिच्यावरून निकाल.

पण यातून फार मोठा दिलासा काढू नये, हेही मला स्वतःला बजावावं लागलं. ते उंदीर आजाराच्या उंबरठ्यावर होते. पुढच्या टप्प्यात माणसाच्या मेंदूत पेशीच मरतात, जाळीच विरतात, आणि मग वाट दुरुस्त करून जायचं कुठे? शिवाय उंदरांतून माणसांत येताना अल्झायमरच्या संशोधनानं आजवर किती वेळा तोंडघशी पाडलं आहे, ते या क्षेत्रातल्या माणसांना विचारावं. शीना जोसलिन यांच्या टोरंटोतल्या गटानं 2009 साली भीतीच्या आठवणीत सामील झालेल्या ठरावीक पेशी मारून दाखवल्या होत्या. ज्या आवाजाला ते उंदीर भ्यायला शिकले होते, त्याला ते नंतर भिईनासे झाले. पेशी गेल्या की आठवण जाते, ही बाजूही तितकीच पक्की आहे.

आता ज्या शंकेनं सुरुवात केली, तिच्याकडे येतो. थिजणं म्हणजे आठवणं का?

एदुआर क्लापारेद या जिनीव्हातल्या डॉक्टरकडे एक स्त्री रुग्ण होती. तिला नवं काही लक्षात राहत नसे. रोज भेटणारे डॉक्टर तिला रोज नव्यानं भेटत. 1911 साली त्यानं लिहिलेला किस्सा असा: एके दिवशी त्यानं बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हात मिळवला. तिला टोचलं. ती ते लगेच विसरली. पण पुढच्या वेळी त्यानं हात पुढे केल्यावर तिनं आपला हात मागे घेतला. का, ते तिला सांगता येईना. खूपच खोदून विचारल्यावर म्हणाली, की हातात कधीकधी टाचण्या असतात ना!

तिच्या हाताला आठवत होतं. तिला आठवत नव्हतं. समजा ही बाई बोलू शकत नसती आणि क्लापारेदनं तिच्या हात मागे घेण्याची टक्केवारी काढली असती, तर पट्टी उंच आली असती आणि निष्कर्ष निघाला असता: स्मृती उत्तम. मग निळ्या उजेडानं थिजलेल्या उंदराच्या मनात ती पेटी उभी राहिली, तिचा वास, ती जाळी, तो झटका? की नुसतीच कुठूनशी भीती आली, तिच्या कारणाशिवाय? प्रयोगकर्त्यांनी याला उत्तर द्यायचा प्रयत्न केला आहे. रॉजर रेडोंदो आणि सहकाऱ्यांनी 2014 साली दाखवलं, की हिप्पोकॅम्पसमधल्या त्याच पेशींना आधी भीती जोडता येते आणि नंतर, नराला मादीच्या सहवासात ठेवून त्या पेशी जाग्या केल्या, तर सुखदही करता येते. म्हणजे त्या पेशींत भीती नव्हती. भीती वेगळ्या ठिकाणी होती आणि या पेशींना चिकटली होती. इथे नुसती जागा साठवलेली असावी, असं यातून सूचित होतं. मला हा युक्तिवाद बराचसा पटतो. पूर्ण नाही. उंदराला विचारता येत नाही, ही अडचण कितीही हुशार प्रयोगानं नाहीशी होत नाही.

विचारता येईल असा प्राणी एकच, आणि त्याच्यावर असा प्रयोग फार आधी होऊन गेला. माँट्रियलचे सर्जन वाइल्डर पेनफिल्ड अपस्माराच्या रुग्णांवर त्यांना जागं ठेवून शस्त्रक्रिया करत. मेंदूला वेदना कळत नाही, त्यामुळे कवटी उघडी असताना रुग्ण बोलू शकतो. कानशिलामागच्या भागाला विजेची बारीक सुई लावली की काही जण म्हणत, गाणं ऐकू येतंय, किंवा कुणीतरी ओळखीचं बोलतंय. पेनफिल्डना वाटलं, आयुष्याची अखंड नोंद सापडली. 1963 साली त्यांनी सगळा हिशेब मांडला, तेव्हा त्या भागाला चेतना दिलेल्या 520 रुग्णांपैकी असे अनुभव आले होते 40 जणांना. आणि ते जे ऐकत-बघत होते ते खरंच कधी घडलं होतं, की मेंदूनं तिथल्या तिथे रचलेलं स्वप्न होतं, हे तपासायला काहीच हाती नव्हतं. पेनफिल्डकडे साक्ष होती, पडताळा नव्हता. टोनेगावांकडे पडताळा आहे, साक्ष नाही. दोन्ही एकाच मेंदूत मिळावं अशी सोय अजून झालेली नाही.

विसरणं हे बिघडणं नसून काम आहे, असं मानणाऱ्यांत आता रायन स्वतः आहेत. टोरंटोचे पॉल फ्रँकलंडही. बाहेरचं जग बदलतं तसा मेंदू काही वाटा मुद्दाम बुजवतो, ठसे तळाशी राहू देतो, पुन्हा गरज पडली तर. फ्रँकलंड आणि जोसलिन यांच्या गटानं या विचाराला एक विलक्षण पुरावा दिला, आणि तो आपल्या सगळ्यांच्या बाळपणाशी जाऊन भिडतो. आपल्याला पहिल्या दोन-तीन वर्षांतलं काहीच आठवत नाही. उंदरांच्या पिल्लांचंही तसंच. शिकलेलं ती काही दिवसांतच विसरतात. 2014 साली या गटानं दाखवलं, की यामागे हिप्पोकॅम्पसमध्ये भराभर जन्मणाऱ्या नव्या पेशी आहेत. त्या जुन्या जाळ्यात घुसतात, आपले जोड बनवतात आणि जुन्या वाटा मोडतात. गिनीपिगच्या मेंदूत हे पेशी जन्मण्याचं काम बरंचसं पोटातच उरकलेलं असतं, आणि गिनीपिगची पिल्लं तशी विसरत नाहीत. 2018 साली त्यांनी पिल्लांच्या पेशी टिपून ठेवल्या, पिल्लं मोठी होऊन सगळं विसरल्यावर त्या उजेडानं जाग्या केल्या, आणि तीन महिन्यांनंतरही थिजणं परत आलं. तीन महिने म्हणजे उंदराच्या आयुष्यात पिल्लाचा पुरता प्रौढ झालेला.

हे वाचून माझ्या मनात जे आलं ते तुमच्याही येईल. आपल्याही तळाशी ते असेल का? पहिल्यांदा उभं राहणं, पहिला ताप, ज्यांचा चेहरा नंतर फक्त फोटोतच पाहिला अशा कुणाच्या तरी मांडीवर बसणं? असेलही. मेंदू प्रतिमा साठवत असेल अशा थाटात मी हे लिहितोय. त्या वयात साठतं ते कदाचित याहून फार वेगळं, ओबडधोबड असेल. पण समजा आहे. समजा उद्या माणसाच्या मेंदूत असा उजेड सुरक्षितपणे टाकता आला. तरी उपयोग नाही, आणि हा तपशील बातम्यांमध्ये नेहमी गाळला जातो. ही पद्धत विसरलेली आठवण शोधून काढत नाही. ती फक्त आधीच टिपून ठेवलेल्या पेशींना जागं करते. टिपायचं ते अनुभव घडत असताना, योग्य वेळी खुराक बदलून. आठवण गेल्यावर पेशींच्या गर्दीत तिच्या पेशी कोणत्या हे ओळखण्याची रीत कुणाकडेच नाही, आणि माणसाच्या मेंदूत ती गर्दी 86 अब्जांची आहे. उंदरांचं बाळपण परत आलं, कारण ते घडताना शेजारी कुणीतरी वही घेऊन बसलेलं होतं. आपल्या शेजारी जी माणसं बसली होती, ती दुसऱ्याच कामात होती.